आबांची तीन तोंडांची खिडकी

लग्नाच्या मांडवात कोटाच्या खिशातून ओळंबा काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते धुळ्याचे आमचे घरमालक, आबा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे पितळी वजन सोडतात, तो ओळंबा. शेजारच्या घरी लग्न होतं. अंतरपाट धरलेला, भटजी घड्याळाकडे बघून कासावीस झालेले, आणि आबा मांडवाच्या मेढीपाशी, म्हणजे खांबापाशी, दोरी सोडून उभे. वजन हेलकावे खात होतं. आबांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "थांबू द्या."

वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडापासून खाली घेतली. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंनी थांबली. वजन हळूहळू स्थिर झालं. आबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "मेढ कललीय. मांडव पडायचा नाही, पण लेकीचं लग्न वाकड्या मेढीखाली कशाला?" बापाने कपाळावर हात मारला, दोन माणसं बोलावली, मेढ सरळ केली आणि मग मंगलाष्टकं सुरू झाली. गल्लीत कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण मी नवी होते. जळगावची मुलगी लग्न होऊन धुळ्याला आलेली, साठीचं दशक संपत आलेलं, आणि आम्ही आबांच्या घरात पुढची खोली भाड्याने घेऊन महिनाही झाला नव्हता.

आबा सरकारी कामावर ओव्हरसियर होते. रस्ते, पूल, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या यांत सगळी नोकरी सरली, आता निवृत्त. उंच, वाळलेले, उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट. धुळ्याच्या वैशाखात कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून बसतात, पण आबांचा कोट उतरायचा नाही, कारण ओळंबा ठेवायला सदऱ्याचा खिसा पुरत नसे. कोटाची उजवी बाजू त्या वजनाने कायम खाली ओढलेली असे. गंमत अशी की साऱ्या गावाला सरळ करणारा हा माणूस स्वतः मात्र चालताना उजवीकडे झुकलेला दिसायचा. मी एकदा धीर करून हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माणूस वाकडा असला तरी चालतं, पोरी. भिंत वाकडी नको. माणूस आज ना उद्या जातो, भिंत मागं राहते."

नोकरीत त्यांच्या बदल्या फार झाल्या. एका ठेकेदाराने बांधलेली मोरी पाहायला ते गेले होते. ठेकेदाराने आधी चहा पुढे केला. आबांनी चहा घेतला, छान झालाय म्हणाले, कप खाली ठेवला आणि सांगितलं, "आता मोरी पाडा." पुढच्या महिन्यात आबांची बदली पार सातपुड्याच्या पायथ्याला झाली. तिथे जाताना वाटेत त्यांनी गाडी थांबवली, उतरून ती मोरी पाडली की नाही हे बघितलं आणि मगच पुढे गेले. ही हकिकत अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितली. अक्का तेव्हा त्या गाडीत भांड्यांच्या पोत्यावर लहानग्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सांगताना त्यांच्या बोलण्यात राग असायला हवा होता, पण मला तरी त्यात अभिमानच ऐकू आला.

एकदा मला ताप भरला. आबा दारात आले, माझ्याकडे बघितलंच नाही, खाटेकडे बघितलं. खाटेचा एक पाय आखूड होता. त्यांनी कुठूनशी एक लाकडाची चकती आणून पायाखाली सारली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता उतरेल ताप." संध्याकाळी उतरला. डॉक्टरांचं औषध होतंच, पण अजूनही कोणाला बरं नसलं की मी आधी खाट हलते का ते बघते.

आता त्या खिडकीविषयी. आमची खोली रस्त्याकडची. तिची खिडकी भिंतीत नव्हती, भिंतीबाहेर होती. मधली बाजू रस्त्याला समोर आणि दोन बाजू तिरप्या, अशी तीन तोंडांची, गल्लीत पुढे आलेली. तिन्ही बाजूंना गज. आत बसायला लाकडी फळी. धुळ्याच्या त्या गल्लीत सगळी घरं शाळेतल्या रांगेसारखी सरळ, आणि आबांच्याच घराला पुढे आलेलं हे पोट. गल्लीतली माणसं खिडकीला पोटच म्हणत. "आबांच्या पोटाजवळून डावीकडे वळा," असा पत्ता सांगायचे. सरळ रेषेवर जीव टाकणाऱ्या माणसाने असली खिडकी का बांधली, हे मला कळत नव्हतं. अक्कांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी कुसुम लहान असताना गजांना गाल लावून सारखी विचारायची, कोपऱ्यावरून कोण येतंय ते दिसत का नाही? तेव्हा आबांनी घराची पुढची भिंत पाडली आणि ही खिडकी काढली. त्यात बसलं की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी गल्ली दिसायची.

आणि सगळ्या गल्लीला मी दिसायचे! समोरच पिठाची गिरणी. ज्वारी-बाजरीचे डबे घेऊन माणसं तासन्‌तास बसलेली, आणि त्यांच्या समोर तीन बाजूंनी उघडी आमची खोली. मी केस विंचरले तरी गिरणीला कळायचं. आमचे हे बँकेत जायचे, त्यांना काय! मी खिळे ठोकले, दोऱ्या बांधल्या आणि माझ्या तीन जुन्या साड्या तीन बाजूंना टांगल्या. दुसऱ्या दिवशी आबा भाड्याचं काही बोलायला म्हणून आले आणि दारातच थबकले.

"ही दोरी झोपलीय," ते म्हणाले.

"पडदा आहे, आबा. एवढा चालतो."

"चालत नाही. झोपलाय." त्यांनी खिशात हात घातला. मी मनात म्हटलं, आता ओळंबा. पण साडीला ओळंबा कुठे लावणार? बिचारे बराच वेळ हातात वजन धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या पडद्याचं मी बघतो. घाई करू नको."

घाई करू नको म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. आधी त्यांनी बाजारातून स्प्रिंगची तार आणली. दोन हुकांमध्ये ताणून लावायची, तेव्हा घरोघरी तीच असायची. तार लावली, साडी घातली, तार मधोमध खाली आली. "झोपली," आबा म्हणाले आणि तार काढून घेऊन गेले. मग सागाच्या तीन दांड्या आल्या. गल्लीतले मुसलमान मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी त्या अशा गुळगुळीत केल्या होत्या की हात फिरवत बसावंसं वाटे. तीन बाजूंना तीन दांड्या लागल्या. मला आवडल्या. पण आबा बाहेर गिरणीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, "कोपऱ्यात फट राहतेय. गिरणीच्या ओट्यावर बसलं की त्या फटीतून तुझी खाट दिसते." हे खरं होतं. तरी मी म्हटलं, "चालेल हो." आबांनी मान हलवली. "तीन दांड्या लावल्या की तीन खिडक्या झाल्या. ही खिडकी एक आहे. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हाताने फिरला पाहिजे."

मग सायकलवाल्याकडून लोखंडी नळी वाकवून आणली. ती खिडकीच्या आकाराची झाली होती, पण वाकलेल्या ठिकाणी तिला भिंतीचा आधार द्यावा लागे, आणि आधार दिला की पडद्याच्या रिंगा तिथेच अडत. चाचा शिडीवर, आबा खाली, मी हातात रिंगांचा डबा घेऊन मध्ये. आबांनी सतरा सूचना केल्या. शेवटी चाचा शिडीवरूनच म्हणाले, "आबा, ये पर्दा है, पूल नहीं है."

आबा शांतपणे म्हणाले, "पूल असता तर केव्हाच झाला असता. पुलावरून गाड्या सरळ जातात."

महिना गेला, दुसरा लागला. माझ्या साड्या पुन्हा दोरीवर चढल्या. गिरणीतली माणसं आता मला नावाने ओळखत होती. एका दुपारी चाचा हातातली सळई खाली ठेवून, जरा चाचरतच म्हणाले, "एक जगह मिलेगा, आबा. आपको मालूम है." अक्का पापड लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं. मीच वेड्यासारखं विचारलं, कुठे? चाचा हत्यारं गोळा करून गेले.

संध्याकाळी अक्कांनी मला सगळं सांगितलं. कुसुमचं सासर दोंडाईच्याला. सासऱ्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. जवळच्या एका जिनिंगच्या कारखान्यातला जुना इंग्रज मॅनेजरचा बंगला पाडला, तेव्हा त्याचं लोखंड-पितळ या व्याह्यांनी उचललं होतं. त्यात अशाच पुढे आलेल्या खिडकीची पडद्याची पितळी पट्टी होती, आतल्या छोट्या चाकांवर पडदा फिरणारी. चाचांनी ती दुकानात टांगलेली डोळ्यांनी पाहिली होती. पण व्याह्यांच्या दुकानात आबा जाणार कसे? गेल्या तीन आखाज्यांना कुसुम माहेरी आली नव्हती.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे कदाचित कळायचं नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी हा लेकींचा सण. सासरी कितीही काम असो, लेक आखाजीला माहेरी येते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस खाते, आणि दारी किंवा घरी बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणते. दिवाळी चुकली तर चालेल. आखाजीला लेक आली नाही, तर चार घरं विचारतात, काय झालं?

झालं होतं ते असं. व्याह्यांनी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला आबांना मानाने बोलावलं. गाव जेवायला बसलेलं. आबांना चांदीच्या वाटीत बासुंदी वाढलेली. जेवण करून उठले, पुढच्या दाराशी गेले, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर चौकटीला ओळंबा सोडून म्हणाले, "थांबू द्या." थांबला. "चौकट दोन सूत बाहेर आहे." सूत म्हणजे सुतारांचं इंचाहून बारीक माप. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण चारचौघांत बोललं गेलं ते गेलं. व्याही म्हणाले, "आबा, लेकीला बघायला आलात की आमच्या भिंती?" आबांनी खरं ते सांगितलं: "दोन्ही. लेक सरळ आहे. चौकट नाही."

"आमच्या वाकड्या घरातली सून तुमच्या सरळ घरात कशाला पाठवू मग?" व्याही म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. पहिल्या आखाजीला कुसुमचा मामेभाऊ तिला आणायला मुराळी म्हणून गेला, तो चहा घेऊन एकटाच परत आला. अक्कांनी आबांना किती विनवलं, जाऊन दोन शब्द गोड बोला. आबांचं उत्तर ठरलेलं: "चूक चौकटीची होती. मी कशाची माफी मागू?"

"बठ्ठं गाव सरळ करं या माणसानी," अक्का मला अहिराणीत म्हणाल्या, बठ्ठं म्हणजे सगळं, "फक्त सोतानी जीभ सरळ ठेवता उनी नही." मग पदराने डोळे पुसून हसल्या. पुढची खोली त्यांनी भाड्याने का दिली, हेही तेव्हाच कळलं. भाड्याची गरज नव्हती. "रिकामी खोली माले देखवस नही."

मी आबांना काही विचारलं नाही. चैत्र संपत आला. एका सकाळी अंगणात ठकठक ऐकू आली. आबा लाकडी पट्ट्या जोडून माझ्या खिडकीच्या मापाचा तीन बाजूंचा साचा तयार करत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "तुनी खिडकी शे, तू संगे जाय. एकला गया ते स्टँडवरथीन परत यी हाऊ माणूस." आबा एकटे गेले तर स्टँडवरूनच परत फिरतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी आणि आबा दोंडाईच्याच्या एस.टी.त बसलो. मांडीवर तो अवाढव्य साचा. कंडक्टरने विचारलं, "बाबा, हे काय?" आबा म्हणाले, "खिडकी." कंडक्टरने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग खिडकीजवळ बसा." सगळी गाडी हसली, आबा हसले नाहीत. वाटभर ते कोटाचा उजवा खिसा मुठीत धरून बसले होते.

दुकानात व्याही गादीवर बसले होते. जाडजूड, गोरे, कपाळाला गंध. आबांना बघून त्यांचा चेहरा दगड झाला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, काय पाहिजे?"

मी म्हटलं, "पडद्याची पितळी पट्टी. बंगल्यातली."

"कोणत्या खिडकीला?"

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, तीन तोंडांच्या."

व्याही मला म्हणाले, "त्यांना सांगा, ती खिडकी आम्हाला माहीत आहे." दोन हातांच्या अंतरावरची माणसं, आणि मध्ये मी तारयंत्र!

पट्टी खाली उतरली. काळी पडलेली, दोन ठिकाणी वळलेली. आबांनी साचा जमिनीवर ठेवला, पट्टी वर ठेवली. कोन जुळेनात. बंगल्याची खिडकी जास्त उघडी होती, आमची जरा मिटलेली. आबांनी पट्टी हातात घेऊन दाबायला सुरुवात केली, आणि व्याह्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो आबा, तसं नका! मोडेल. पितळ आधी तापवून घ्यावं लागतं!"

तीन वर्षांत ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलले होते. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही लक्षात आलं नाही असं दाखवलं. दुकानामागेच व्याह्यांचं घर, तिथल्या आवारात शेगडी पेटली. पट्टी तापवली, गार होऊ दिली. मग व्याह्यांनी एक टोक धरलं, आबांनी दुसरं. "जरा तुमच्याकडे," "आता माझ्याकडे," "बस्स, बस्स," असं करत दोन म्हातारी माणसं उन्हात घामाघूम होऊन ती पट्टी वळवत होती. पट्टी साच्यावर अशी बसली, की दोघेही एकदम "हां!" म्हणाले.

कुसुम पाण्याचे पेले घेऊन आली. डोक्यावर पदर. सासऱ्यांसमोर ती बापाशी किती बोलणार? तिने पट्टीकडे बघितलं, साच्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "आबा, कड्या कोठे लावशात?"

"जुन्याच जागे," आबा म्हणाले.

ती झरकन आत निघून गेली. मला वाटलं, पडद्याच्या कड्यांचं काय एवढं?

पाणी पिऊन आबांनी पेला खाली ठेवला आणि वर बघितलं. समोर घराचं पुढचं दार होतं. तीच चौकट. व्याह्यांनीही ते बघितलं. 

"पुन्हा काढून बसवली," व्याही म्हणाले. आवाज करडा होता, पण त्यात काहीतरी विचारल्यासारखं होतं. "वास्तुशांतीच्या दुसऱ्याच महिन्यात. लावा ओळंबा. बघा."

आबांचा हात खिशाकडे गेला. सगळी आखाजी, अक्कांचे पुसलेले डोळे, सगळं त्या खिशात लोंबकळत होतं. आबांचा हात खिशावरच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"ओळंबा नाही आणला," ते म्हणाले. "तुम्ही बसवून घेतली म्हणजे सरळच असणार."

व्याह्यांनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. उजवी बाजू नेहमीसारखी खाली ओढलेली होती. आंधळ्यालाही दिसलं असतं. आत वळून त्यांनी फक्त हाक मारली, "पाहुण्यांना चहा टाका रे."

पट्टी एस.टी.च्या टपावर बांधून आम्ही परत निघालो. बराच वेळ आबा बाहेर कपाशीची रिकामी रानं बघत होते. मला राहवेना. "आबा, ओळंबा तर खिशात आहे."

"आहे."

"मग लावला का नाही? खरंच सरळ असेल की."

आबांनी माझ्याकडे बघितलं. एखादं गुपित सांगावं तसे खाली झुकले. "एक सूत अजून बाहेर आहे, पोरी. डोळ्यांना दिसत होतं."

मी त्या माणसाला मोरीवरून बदल्या भोगताना पाहिलं नव्हतं, पण हे पाहिलं. आणि खरं सांगते, मला त्या चहा पिऊन मोरी पाडायला सांगणाऱ्या आबांपेक्षा हे आबा मोठे वाटले. जन्मभर सरळ बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य वाकडं बोलायला किती जोर लागला असेल, ते त्यांच्या मुठीवरून कळत होतं. मूठ अजून खिशावरच होती.

पट्टी बसवायला चाचा आले. खिडकीच्या तोंडावर खोलीची जाड लाकडी तुळई आडवी गेली होती. पट्टीची दोन टोकं त्या तुळईला टांगायची होती. आबांनी त्यासाठी दोन लोखंडी कड्या आणल्या, मनगटाएवढ्या जाड, तुळईतून आरपार बोल्ट जाणाऱ्या. तुळईत लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली दोन जुनी भोकं होती. आबांनी खुंट्या काढायला लावल्या. चाचा मोठ्याने हसले. "इसपे तो हाथी लटकेगा, आबा."

मी विचारलं, "माझ्या पातळ कापडाच्या पडद्याला एवढ्या कड्या?"

"उन्हाळ्यात तुम्ही बाया पडदा पाण्याने ओला करता. ओला पडदा जड होतो," आबा म्हणाले. हे पटण्यासारखं होतं. आमच्याकडे वैशाखात खिडकीचे पडदे भिजवतातच, त्याशिवाय दुपार काढवत नाही. खात्री करून घ्यायला त्यांनी माझी जाड गोधडी बादलीत बुचकळून त्या कड्यांना टांगली. खोलीभर पाणी झालं. कड्या हलल्या नाहीत. पट्टी मात्र त्यांनी आकड्यांवर अशी बसवली होती, की उचलली की निघून यावी. धुवायला सोयीची, असं मी धरून चालले.

पडदा लागला. मी बाजारातल्या मारवाडी शेटजींच्या दुकानातून निळं, बारीक फुलांचं कापड आणलं होतं. एका हाताने ओढला, तर एका टोकापासून सुळकन निघाला, दोन्ही कोपरे वळून दुसऱ्या टोकाला पोचला. कुठे फट नाही, कुठे अडणं नाही. समोर गिरणीच्या ओट्यावर कोणीतरी म्हणालं, "गया, सिनेमा बंद!" आबा पडद्याकडे बघत होते. ओळंबा काढला नाही. मला आनंदाने रडू आलं, एका पडद्यासाठी! मी वाकून त्यांच्या पाया पडले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात टांगा थांबला. आधी कुसुम उतरली, मग ट्रंक, मग व्याही स्वतः. कोणी मुराळी गेलाच नव्हता. व्याहीच सुनेला माहेरी पोचवायला आले होते, असं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. अक्का ओट्यावरच खाली बसल्या. आबा पुढे आले.

व्याह्यांनी हात पुढे केला. "ओळंबा आना इकडे. त्या दिवशी घरी राहिला होता ना?"

आबांनी मुकाट्याने काढून दिला. व्याह्यांनी गल्लीत उभं राहून, गिरणीतल्या सगळ्या माणसांसमोर, खिडकीच्या कोपऱ्याला दोरी सोडली. वजन थांबायची वाटही त्यांनी बघितली नाही. एक डोळा मिटला, तोही चुकीचा.

"एक सूत बाहेर शे," ते म्हणाले.

ती खिडकी केसाएवढीही बाहेर नव्हती. आबा परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे होते. म्हणाले, "आसंल."

मग व्याही असे हसले की टांग्याचा घोडा बिचकला. आत आल्यावर दोघांनी एकाच ताटातल्या सांजोऱ्या खाल्ल्या, आणि दोन्ही घरांत कोणाची सांजोरी चांगली यावरून थोडे भांडलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून आले, तर माझा पडदा पट्टीसकट खाली उतरवून भिंतीला टेकवलेला. त्या दोन जाड कड्यांना नवे दोर बांधलेले, त्यावर पाट, आणि पाटावर कुसुम. तिने गजांना पाय लावून झोका मागे ढकलला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाआधी दर आखाजीला तिचा झोका इथेच असायचा. भांडणानंतर त्या कड्या आबांनी स्वतःच्या हाताने काढून भोकं बुजवली होती. दोन महिने तार, दांड्या, नळ्या नापसंत करणारा माणूस माझ्या पडद्यासाठी तेवढं करत होता हे खरं, पण त्या निमित्ताने त्या दोन भोकांखाली तो कितीदा येऊन उभा राहिला होता!

गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या खोलीत आल्या. खिडकी तिन्ही बाजूंनी उघडी, गिरणीला सगळं दिसत होतं. दिसू दे, म्हटलं. मीही एकदा झोक्यावर बसले. गाणी झाली, रस झाला, बाया पांगल्या. दुपार कलली तेव्हा कुसुम एकटीच हळूहळू झोके घेत होती आणि आबा दाराला टेकून उभे होते. झोका मंद होत चालला. दोर आता सरळ होणार, इतका मंद. मला वाटलं, सवयीप्रमाणे आबांचा डावा हात वर जाईल.

कुसुमने मागे वळून विचारलं, "थांबू का, आबा?"

आबा पुढे झाले आणि पाटाला मागून हलकेच रेटा दिला.

"नको थांबू," ते म्हणाले. "हालू दे, माय."